चढणीच्या नोंदी: मिसिसिपी, पूल नंबर 4

8 फेब्रुवारी, शनिवार. गॅरेज. बाहेर उणे 21 सेल्सिअस.

होडी आली. 14 फुटी, अ‍ॅल्युमिनियमची, चपट्या बुडाची, सेकंडहँड. मागे 15 हॉर्सपॉवरचं इंजिन, पुढे विजेवर चालणारी छोटी मोटर, आणि तळ दाखवणारा एक सोनार ज्याचा पडदा अर्धवट चरे पडलेला आहे. हिने गॅरेजच्या दारात उभं राहून एवढंच विचारलं, "आणि गाडी?" गाडी आता बर्फात. एप्रिलअखेरपर्यंत.

प्रकल्प काय ते आधीच लिहून ठेवतो, म्हणजे नंतर सोयीने बदलता येणार नाही. वॉलाय हा 1965 पासून मिनेसोटाचा राज्यमासा. राज्यातल्या तळ्यांत त्याची मासेमारी फेब्रुवारीच्या शेवटापासून मेच्या मध्यापर्यंत बंद असते, कारण मधल्या काळात तो अंडी घालतो. सीमेवरच्या मिसिसिपीला मात्र ही बंदी नाही. मिनेसोटा आणि विस्कॉन्सिनच्या मधून वाहणाऱ्या मिसिसिपीत वॉलाय आणि त्याचा धाकटा भाऊबंद सॉगर बारा महिने धरता येतात. म्हणजे ऐन चढणीच्या दिवसांत गरी टाकायला मोकळं असलेलं हे पाणी, आणि तेही घरापासून तासाभरावर.

चढण हा शब्द उगाच वापरलेला नाही. कणकवलीला मृगाचा पहिला दांडगा पाऊस झाला की गड नदीतले मासे व्हाळांतून वर चढत थेट भातखाचरांत शिरतात, अंडी घालायला. आणि गाव बत्त्या, कोयते, खोयनी घेऊन रात्रभर त्यांच्या वाटेवर. बत्ती धरायचं काम माझं, कोयता तात्यांचा. पहाटे टोपलीत मळये आणि शेंगट्या, प्रत्येकाच्या पोटात गच्च गाभोळी. तेव्हा त्यात विचार करण्यासारखं काही आहे असं वाटलं नव्हतं.

दर खेपेला लिहायचं ते असं: पाण्याचं तापमान, नदीचा विसर्ग, खोली, काय लागलं, काय ठेवलं, काय सोडलं.

22 फेब्रुवारी, शनिवार. सामान.

काठी साडेसहा फुटी, टोकाला चपळ. रिळावर विणलेला बारीक दोरा, 10 पौंडांचा, आणि पुढे तीन हात पारदर्शक फ्लुरोकार्बन. विणलेला दोरा ताणत नाही, त्यामुळे तळाशी काय चाललंय ते बोटाला कळतं. गारठलेल्या पाण्यात एवढाच काय तो आधार.

गळ म्हणजे जिग: शिशाचा गोळा आणि त्यातूनच निघालेला आकडा. पाव, तीन अष्टमांश आणि अर्धा औंस, म्हणजे साधारण 7, साडेदहा आणि 14 ग्रॅम. रंग दोन, भगवा आणि पोपटी. आमिष म्हणून फॅटहेड मिनो, बोटाएवढा जिवंत मासा. तो नसेल तेव्हा रबरी किडे, वलयावलयांचे, शेपटी वळवळणारे.

आमिषाच्या दुकानातल्या आजोबांनी माझी होडी आणि माझा उत्साह दोन्ही ऐकून घेतलं आणि पावशेर मिनोंचे पैसे घ्यायच्या आधी एक सल्ला दिला. नवखा माणूस हलका जिग वापरतो आणि मासा नाही म्हणून नदीला दोष देतो. तळ लागत नसेल तर वजन वाढव. बाकी सगळं त्यानंतर.

1 मार्च, शनिवार. काठावरून पाहणी.

मिनेसोटाचा मासेमारी परवाना 1 मार्चला नवा होतो. सकाळी फोनवरच काढला. तो सीमेवरच्या पाण्यात दोन्ही बाजूंना चालतो, दोन्ही काठांवरच्या रेल्वे रुळांच्या मधे जे पाणी आहे तिथपर्यंत. नदीची हद्द रुळांनी ठरवणं मला फार आवडलं. नदी पात्र बदलते, रूळ बदलत नाहीत.

भूगोल थोडक्यात. सैन्याच्या अभियंता दलाने 1930 च्या दशकात अप्पर मिसिसिपीवर लॉक (पाण्याची पातळी बदलून बोटी पलीकडे सोडणारे दारांचे हौद) आणि बंधाऱ्यांची साखळी उभी केली, मालवाहू बार्जना सदैव 9 फूट खोली मिळावी म्हणून. दोन बंधाऱ्यांमधल्या पट्ट्याला इथे पूल म्हणतात. पूल 4 म्हणजे रेड विंगच्या वरच्या 3 नंबरच्या बंधाऱ्यापासून खाली विस्कॉन्सिनमधल्या अल्माच्या 4 नंबरपर्यंत, 70 किलोमीटरच्या आसपास. त्याच्या पोटात लेक पेपिन, सुमारे 35 किलोमीटर लांब. हे तळं माणसाने केलेलं नाही. खाली चिपेवा नदी येऊन मिळते, तिने शतकानुशतकं वाळू आणून टाकली आणि मिसिसिपीचंच पाणी तुंबलं.

हिवाळाभर मासा पेपिनमध्ये असतो. दिवस मोठे व्हायला लागले की तो वर निघतो आणि 3 नंबरच्या बंधाऱ्याखाली येऊन थबकतो. कोल्हापुरी बंधाऱ्याखाली मासे साचतात तसंच, फक्त इथे दारं लोखंडी दंडगोलांची आहेत, प्रत्येक 80 फूट लांब. बंधाऱ्याच्या जरा वर अणुवीज केंद्र आहे. त्याचं कोमट पाणी आणि बंधाऱ्याची उसळी यामुळे हा तुकडा भर थंडीतही पूर्ण गोठत नाही.

कोलव्हिल पार्कच्या धक्क्यावर उभा राहिलो. खाली पेपिनकडे पांढरं, वर काळं वाहतं पाणी, मधे बर्फाच्या लाद्या. झाडांवर टकले गरुड मोजले, 17. तेही उघड्या पाण्यासाठीच इथे जमतात. धक्क्याच्या उतारावर मात्र बर्फाचा चकचकीत थर. पाण्यातून वर येणारे ट्रेलर गळतात आणि ते पाणी लगेच गोठतं. मांजराच्या शौचाला वापरतात ती माती पोतंभर घ्यायची, उतारावर टाकायला.

8 मार्च, शनिवार. पाणी 34 फॅरनहाइट, म्हणजे 1 सेल्सिअस. विसर्ग 12 हजार क्यूसेकच्या आसपास.

पहिली खेप. नोंद लाजेची आहे, पण नियम माझाच.

मिनेसोटात होडी रस्त्यावरून नेताना बुडाचा बूच काढून ठेवावा लागतो. एका तळ्यातलं पाणी, त्यासोबत झेब्रा शिंपल्यांची पिल्लं, दुसऱ्या तळ्यात जाऊ नयेत म्हणून. कायदा चोख पाळला. बूच खिशात होता. होडी पाण्यात उतरली तेव्हाही खिशातच होता.

नागपूरकर सहकारी धक्क्यावर दोर धरून उभा. पहिल्यांदा त्याच्याच लक्षात आलं. "तुझे बूट ओले होऊन राहिले बे." खाली पाहिलं तर घोट्यापर्यंत मिसिसिपी. होडी पुन्हा ट्रेलरवर ओढली, पाणी गळू दिलं, वीस मिनिटं गेली. मागे रांगेत चार गाड्या. कोणी हॉर्न वाजवला नाही, एकाने तर खाली उतरून दोर धरला. मिनेसोटाची माणसं अशी सभ्य असतात की शरम दुप्पट होते.

मग दोन तास पाण्यात. काठीच्या कड्यांत बर्फ धरत होतं, दर पाच मिनिटांनी बोटाने फोडायचं. मासे: शून्य. जिग तळाला लागत होता की नाही, हेही सांगता येणार नाही.

घरी आल्यावर बूच दोरीने इंजिनाच्या किल्लीला बांधला.

9 मार्च, रविवार

इंजिन वर उचलून ठेवलं होतं. चूक. थंडीत ते खाली, सरळ ठेवायचं, म्हणजे आतलं पाणी निथळून जातं. राहिलं तर गोठतं आणि कवच फोडतं. नशिबाने काल रात्री उणे गेलं नाही.

15 मार्च, शनिवार. पाणी 36. विसर्ग 16 हजार. खोली 24 फूट.

आज कळलं की गेल्या शनिवारी आपण मासे पकडतच नव्हतो, जिगला सहलीला नेत होतो.

इथे याला स्लिपिंग म्हणतात. होडीचं नाक वरच्या अंगाला. पुढची विजेची मोटर प्रवाहाच्या विरुद्ध, पण प्रवाहापेक्षा जराशी कमी. होडी शेपटीकडून अगदी सावकाश खाली घसरत राहते. उद्देश एवढाच की दोरा सरळ, ओळंब्यासारखा खाली जावा. नदीचं वरचं पाणी पळतं, तळाचं पाणी खडी-वाळूला घासून संथ झालेलं असतं, आणि मासा त्या संथ थरात पोट टेकून बसलेला असतो. होडी वरच्या पाण्याच्या वेगाने वाहत गेली की जिग तिच्यामागे फरफटतो आणि उचलला जातो. होडी एका जागी खिळवून ठेवली तर तोच जिग प्रवाहाने पुढे ओढला जातो. दोन्हीत दोरा तिरपा. मधला वेग सापडला की दोरा उभा राहतो. आमचा सापडला तेव्हा जीपीएसवर ताशी अर्ध्या मैलाहून किंचित जास्त दिसत होतं.

तळाला टेकवायचं, वीतभर उचलायचं, धरून ठेवायचं. पुन्हा टेकवायचं. बस. दुकानातले आजोबा घाई करू नको म्हणाले असते, पण त्यांना विचारायचं राहिलं होतं.

या पाण्यात मासा झटका देत नाही. 36 अंशांत त्याच्याही अंगात जोर नसतो. उचलताना जिग एकदम जड लागतो, ओलं पोतेरं अडकावं तसा. पहिल्या दोन वेळा मी तो गाळच समजलो. तिसऱ्या वेळी पोतेऱ्याने मान हलवली.

सॉगर, 14 इंच. हातात घेऊन पहिल्यांदाच नीट पाहिला. अंग तपकिरी-सोनेरी, त्यावर खोगिरासारखे गडद डाग. पाठीवरचा काटेरी पर उघडला की काळ्या ठिपक्यांच्या ओळी. वॉलायच्या परावर असे ठिपके नसतात. पराच्या मागच्या टोकाला एक काळा डाग असतो आणि शेपटीचं खालचं टोक पांढरं. हा फरक पाठ असायलाच हवा, कारण नियम दोघांना वेगळे. दोन्ही मिळून माणशी रोज चार. वॉलाय किमान 15 इंच आणि 20 इंचांवरचा एकच. सॉगरला किमान लांबीची अट नाही.

दोघांचे डोळे मात्र सारखे, काचेच्या गोटीसारखे धुरकट. आत प्रकाश परतवणारा थर असतो, मांजराच्या डोळ्यात असतो तसा. गढूळ पाण्यात आणि तिन्हीसांजेला यांना दिसतं आणि यांच्या भक्ष्याला दिसत नाही. सॉगर त्यातही सरस, म्हणून तो अधिक खोल, अधिक गढूळ जागा धरून राहतो.

एकूण 3 सॉगर. 2 ठेवले, 1 सोडला.

22 मार्च, शनिवार. पाणी 38. विसर्ग 21 हजार. खोली 34 फूट.

ही नोंद सावकाश लिहितोय.

सोनारवर एका वळणाखाली डोह दिसला, 34 फुटांचा. तळाला चिकटून जाड रेघा. अर्धा औंस, भगवा जिग, मिनो. पहिल्याच घसरणीत दोघांच्या काठ्या वाकल्या. अडीच तासांत 11 सॉगर. नागपूरकर तर गाणं म्हणायच्या बेतात होता. मोठे 5 ठेवले. बाकीचे 6 नऊ-दहा इंचांचे, म्हणून सोडून दिले. नियमाने ठेवायला हरकत नव्हती, पण एवढाल्या माशांचं करायचं काय, असं म्हणून उदार झालो.

सोडलेल्यांपैकी पहिला पाण्यावर आडवा झाला आणि तसाच वाहत निघाला. वाटलं दमला असेल. दुसरा खाली गेला. तिसरा पुन्हा आडवा. तेव्हा पुढचा हातात नीट धरून पाहिला: डोळे बाहेर आलेले, आणि तोंडातून गुलाबी फुग्यासारखं काहीतरी. त्याचंच जठर होतं, आतल्या हवेने बाहेर ढकललेलं.

शाळेतलं भौतिकशास्त्र आहे. 33 फूट खोलीवर दाब वरच्या दुप्पट असतो. माशाच्या पोटात हवेची पिशवी असते, वाताशय, तिच्या जोरावर तो पाण्यात तरंगत राहतो. त्याला तिथून वर ओढला की त्या हवेचं आकारमान दुप्पट होतं. कार्प किंवा ट्राउट ही हवा तोंडावाटे ढेकरासारखी सोडू शकतात. वॉलाय-सॉगरच्या कुळात वाताशयाला घशाकडे उघडणारी वाटच नसते. हवा रक्तात शोषून जायला तास लागतात, आणि मी त्याला अर्ध्या मिनिटात वर आणला होता.

सहापैकी तीन वाहून गेले. डोळ्यांदेखत एक गरुड आला, तिसऱ्याला पायात धरून बर्लिंग्टन रेल्वेच्या मालगाडीवरून पलीकडच्या झाडीत. गरुडाचं बरं झालं. खाली गेलेल्या तिघांचं काय झालं, ते मला दिसलं नाही म्हणून मी त्यांना जिवंत म्हणतोय.

होडीत बराच वेळ कोणी बोललं नाही. मग नागपूरकर म्हणाला, "सोडायचं नाटक आपण करून राहिलो."

बरोबर बोलला. काय ठेवायचं आणि काय सोडायचं ते मासा हातात आल्यावर ठरवायचं असतं, असं मी धरून चाललो होतो. इथे ते गरी खाली सोडताना ठरतं. 34 फुटांत टाकली म्हणजे येईल तो आपला, नऊ इंची असला तरी. चार भरले की काठी गुंडाळायची. ते जमणार नसेल तर तिथे टाकायचीच नाही.

वहीत नवा रकाना आखला: वाहून गेले. आणि आजपासूनची मर्यादा: 20 फूट.

23 मार्च, रविवार

कणकवलीला फोन. तात्यांना कालचं सगळं सांगितलं. त्यांना वाताशयात रस नव्हता. "सोडूचोच आसा तर गरी टाकतंस कशाक?" हा प्रश्न मी वहीत उतरवला, उत्तराची जागा मोकळी ठेवून.

मग त्यांनी आपणहून विषय काढला. "आमच्या व्हाळात तरी आता चढण रवली खंय?" त्यांच्या मते कारणं तीन: व्हाळावर जागोजाग घातलेले बंधारे, पडीक पडलेली खाचरं, आणि पावसाची पहिली सर कधी येईल याचा गेलेला भरवसा. चौथं कारण म्हणजे बत्ती आणि कोयता. ते मी सुचवलं. पलीकडून थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज आला. मग आईने फोन घेतला आणि तळायला कोकमाचं आगळ संपलं असेल ना, असं विचारलं.

29 मार्च, शनिवार. पाणी 41. विसर्ग 27 हजार. खोली 12 ते 17 फूट.

पेपिन मोकळा झाला. आज खालून टो आला: एक ढकलबोट आणि पुढे तीन-तीनच्या पाच रांगांत 15 बार्ज. त्यांना सेंट पॉलपर्यंत जायला पेपिनचाच बर्फ शेवटपर्यंत आडवा येतो, म्हणून अभियंता दलाची माणसं हिवाळ्याच्या अखेरीस तिथे बर्फाची जाडी मोजत असतात. टो गेला की दहा मिनिटं तळ ढवळलेला राहतो. आम्ही कडेला होऊन चहा प्यायलो. थर्मासचा चहा, आलं जरा जास्त पडलेलं.

उथळ जागा शोधणं डोहापेक्षा कठीण. डोह सोनार दाखवतो, ही जागा पाणी वाचून काढावी लागते. वाळूचा पट्टा जिथे नाळेत, म्हणजे नदीच्या मधल्या खोल वाटेत, उतरतो ती कड, आणि जिथे जोराचं पाणी संथ पाण्याला घासून जातं ती शिवण. पाण्यावर फेसाची एक रेघ दिसते, तिच्या संथ बाजूला मासा. पाव औंसाचा जिग पुरला.

6 सॉगर, 3 वॉलाय. वॉलाय तिन्ही 15-16 इंची नर. उचलताच पोटातून दुधासारखं पांढरं गळत होतं. नर आधी येऊन थांबतात, माद्या मागून. 3 सॉगर आणि 1 वॉलाय ठेवले, 5 सोडले. सोडलेला प्रत्येक शेपटीचा फटका मारून खाली गेला. वाहून गेले: 0.

उद्या पाडवा, म्हणून मासे आजच तळले. आगळ, मीठ, हळद, तिखट, वरून रवा. गोड्या पाण्यातला मासा म्हणून हिने आधी नाक मुरडलं होतं. या माशाला मांसात बारीक काटे जवळजवळ नसतात, चव सौम्य, पाकळ्या सुटणाऱ्या. पण समुद्राची ती खारट ओढ नाही. आमच्याकडे त्याला बरा म्हणतात, आणि बरा म्हणजे पुढच्या वेळी तिखट वाढवा.

5 एप्रिल, शनिवार. पाणी 43, म्हणजे 6 सेल्सिअस. विसर्ग 38 हजार. खोली 7 फूट.

नदी चहाच्या रंगाची. हा गाळ मुख्यतः मिनेसोटा नदीचा, मक्या-सोयाबीनच्या काळ्या मातीतून आलेला. पेपिनच्या तळाशी बसणाऱ्या गाळातलाही बहुतेक वाटा तिचाच. प्रेस्कॉटला येऊन मिळणारी सेंट क्रॉय त्या मानाने स्वच्छ.

विसर्ग वाढला की मासा मधली नाळ सोडून काठाला लागतो. आम्ही विंग डॅमच्या मागचा आडोसा धरला. हे दगडांचे बांध 1878 पासून घातले, काठापासून नाळेकडे आडवे, पाणी मधे लोटून नाळ आपोआप खोल व्हावी म्हणून. खाली विलोच्या फांद्यांच्या गाद्या, वर दगड. बंधारे झाल्यावर पाणी चढलं आणि ते बुडाले. आता प्रोपेलर मोडायला आणि मासे धरायला उपयोगी. पाण्यावर एक आडवी सुरकुती दिसते, ती सुरकुती म्हणजे बांध.

साडेसहाच्या सुमाराला माझा जिग अडकला. दगड म्हणून हिसका दिला. दगड संथपणे नाळेकडे निघाला. पाच-सात मिनिटं लागली असतील, घाई केली नाही. जाळ्यात आली ती 26 इंची वॉलाय मादी, तीन किलोची तरी. पोट घट्ट, गोल. असल्या मादीच्या पोटात लाखभर अंडी सहज असतात. 20 इंचांवरचा एक ठेवता येतो, म्हणजे ती कायद्याने माझी होती.

नागपूरकर म्हणाला, "एक तर चालते ना बे." मोह मलाही झाला. खोटं कशाला लिहू? गाभोळीचं कालवण गेल्या अकरा वर्षांत खाल्लेलं नाही. तिरफळं डब्यात आहेत. हिशोब मात्र सोपा होता: 7 फुटांवरून आलेली, डोळे जागच्या जागी, कल्ले लाल. सोडली तर जगणारी. जाळं पाण्यातच ठेवून आकडा काढला, फोटोच्या नादात तिला वर घेतलं नाही, शेपटीच्या देठाला धरून पाण्यात सरळ केली. दोनदा कल्ले हलले आणि हात रिकामा.

एकूण 4 वॉलाय, 1 सॉगर. 17 इंची एक नर ठेवला. 4 सोडले.

नंतर लक्षात आलं की बोटं बधिर होऊन पांढरी पडलीत आणि लाइफ जॅकेटचा पट्टा उघडाच आहे. 43 अंशांच्या पाण्यात माणूस पडला तर पहिल्याच क्षणी श्वास लागतो आणि पाणी आत ओढलं जातं. पोहता येतं की नाही हा प्रश्न नंतरचा. पट्टा लावल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही, हेही बुचाच्या दोरीला बांधायला हवं.

12 एप्रिल, शनिवार. पाणी 47.

4 वॉलाय, 1 सॉगर, सगळे सोडले. माद्यांची पोटं अजून भरलेली. सॉगर थोडं उशिरा घालतो. वारा फार, दुपारीच परत.

19 एप्रिल, शनिवार. धक्का पाण्याखाली.

होडी काढली नाही. बंधाऱ्याची दारं पूर्ण वर उचललेली, नदी सलग वाहतेय. अशा वेळी बंधारा माशांच्या वाटेत उरत नाही, ते वर निघून जातात.

संध्याकाळी पुलावरून विस्कॉन्सिनच्या बाजूला गेलो. रस्त्याच्या कडेला पुराचं पाणी गवतात शिरलं होतं, गुडघाभर, जवळजवळ संथ. अप्पर मिसिसिपीत वॉलाय अशाच बुडालेल्या गवतात अंडी घालतात. तळ्यांतले वॉलाय खडी शोधतात. इथे चांगली खडी वाळू-गाळाखाली, म्हणून गवत. अंडी गवताच्या काड्यांना चिकटून राहतात, गाळात गुदमरत नाहीत. कोणी राखण करत नाही. पिल्लं निघायला दोन-तीन आठवडे, आणि तेवढ्यात पाणी उतरलं तर अंडी उघड्यावर.

अंधार पडल्यावर टॉर्च लावला. गवतात हालचाल. सकर मासेही याच दिवसांत चढतात, तेच असतील असं वाटलं. मग दोन डोळे पेटले, नारिंगी, शेजारी आणखी दोन, आणि त्यांच्यामागे आणखी. पाणी एका जागी उसळलं, गवत थरथरलं, शांत झालं.

खाचराच्या बांधावर उभं राहून बत्ती धरलेली असायची तेव्हा असंच दिसायचं. फक्त तेव्हा पुढच्या क्षणी कोयता पडायचा, म्हणून मी त्यानंतरचं कधी पाहिलं नव्हतं. टॉर्च बंद केला आणि बराच वेळ नुसता आवाज ऐकला. मोजे ओले झाले.

तात्यांना आवाजाची फीत पाठवली. उत्तरात त्यांनी अंगठा पाठवला. हा अंगठा ते सगळ्यालाच पाठवतात, गुड मॉर्निंगलासुद्धा.

26 एप्रिल, शनिवार. पाणी 54. विसर्ग उतरतोय. खोली 6 ते 9 फूट.

2 वॉलाय, दोन्ही माद्या, पोटं रिकामी आणि लोंबणारी, अंग खरवडलेलं. सोडल्या. आता ते पेपिनकडे उतरतील. पांढरे पेलिकन आले आहेत, थव्याने. काठावरचं गवत वाळलेल्या चिखलाने राखाडी झालंय. पाणी सात दिवसांत हातभर उतरलं. गेल्या शनिवारच्या गवतातली अंडी तेवढ्यात फुटली का, ते कळायला मार्ग नाही.

मोसमाची बेरीज: 22 सॉगर, 13 वॉलाय, एकूण 35. ठेवले 12. सोडले 20. वाहून गेले 3. त्या तिघांना सोडलेल्यांत धरायचं की ठेवलेल्यांत यावर नागपूरकराशी वाद झाला. त्याचं म्हणणं ठेवलेल्यांत, म्हणजे 15. मी रकाना वेगळाच ठेवला आहे.

जूनचं तिकीट काढलं, 4 तारखेचं. तात्यांच्या प्रश्नापुढची जागा अजून मोकळीच आहे.

उरलेली कामं: इंजिनाच्या खालच्या भागातलं तेल बदलणं. ट्रेलरचा डावा दिवा. सोनारचा पडदा. गॅरेज हिला परत देणं.